किडामुंगीची बखर

मनुष्यजातीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी राजे, लढाया, तह आणि दुष्काळ यांच्या नोंदी चोख ठेवल्या. पण साखरेच्या डब्यावरून माणूस आणि मुंगी यांच्यात जे युद्ध पिढ्यान् पिढ्या चालू आहे, त्याची बखर काही कोणी लिहिली नाही. वास्तविक घरटी एक तरी आघाडी उघडलेली असते. आमच्या लहानपणी दूधदुभत्याचं जाळीचं कपाट असे आणि त्याचे चारही पाय पाण्याने भरलेल्या चार वाट्यांत उभे असत. हा खंदक. कपाट भिंतीला टेकू द्यायचं नाही, ही दुसरी दक्षता. कारण खंदक टाळून भिंतीवरून यायचं, एवढं युद्धशास्त्र मुंगी अंड्यातूनच शिकून येते. पुढे बाजारात विषारी खडू आला. त्याला लक्ष्मणाच्या रेषेचं नाव का दिलं, हे मला कधी कळलं नाही. मूळ रेषेचा अनुभव काही फारसा उत्साहवर्धक नव्हता.

हे आठवण्याचं कारण असं, की गेल्या काही दशकांत जपान, अमेरिका, इंग्लंड अशा ठिकाणच्या हुशार माणसांनी हेच घरगुती युद्ध व्हिडिओ गेमच्या पडद्यावर आणलं आणि लक्षावधी लोकांच्या झोपेचं खोबरं केलं. या खेळांच्या आजच्या जातीला ‘टॉवर डिफेन्स’ म्हणतात. आपण त्याला बुरूजबाजी म्हणू. प्रकार सोपा आहे. शत्रू एका बाजूने लाटालाटांनी येतो. त्याच्या वाटेवर आपण बुरूज बांधायचे. बुरूज आपले आपण गोळ्या झाडतात. मेलेल्या प्रत्येक शत्रूमागे थोडे पैसे मिळतात. त्या पैशांतून आणखी बुरूज बांधायचे, की पुढली लाट हजर. आपण स्वतः लढायचं नाही. बांधायचं आणि बघत उभं राहायचं. कुठे पाया खणताना दिसला की पिशवी खाली ठेवून तासभर बघत राहणाऱ्या आपल्या समाजाला हा खेळ दुसऱ्या कोणी शोधून द्यावा लागला, याचं मला आश्चर्य वाटतं. दिवाळीत आपण मातीचा किल्ला करायचो, अळीव पेरायचो, बुरुजाबुरुजावर मावळे उभे करायचो. उणीव काय ती शत्रूची. तो कधी यायचाच नाही. फार तर शेजारचं मांजर यायचं आणि महाराजांच्या सिंहासनाशेजारी अंग पसरून झोपायचं.

पुतण्याने काही वर्षांपूर्वी आमच्या घरातल्या कॉम्प्युटरवर असाच एक खेळ लावून दिला. ‘अँट बस्टर’ त्याचं नाव. एका कोपऱ्यात वारूळ, दुसऱ्या कोपऱ्यात केक. मुंग्या येतात, केकचा तुकडा उचलतात आणि घरची वाट धरतात. मध्ये आपण तोफा मांडायच्या. तुकडा घेऊन पळणारी मुंगी वाटेत मेली, तर तुकडा परत मिळतो. पहिल्या मुंग्या अगदी मरतुकड्या. मग हळूहळू त्या जाड कातडीच्या होत जातात आणि त्याच वेळी प्रत्येक नवी तोफ आधीच्या तोफेपेक्षा महाग होत जाते. (महागाईचं हे तत्त्व शिकवायला अर्थशास्त्राचे प्राध्यापक दोन वर्षं घेतात.) मी तो खेळ दहा मिनिटं पाहिला आणि पोरखेळ म्हणून उठलो. ही पदराला हात पुसत बसली, ती साडेअकराला उठली. आमटी आटून तिचं पिठलं झालं होतं. “अहो, शेवटचे दोन तुकडे राहिले होते,” एवढाच खुलासा झाला, आणि ज्या बाईने चाळीस वर्षं खऱ्या मुंग्यांपासून खरी साखर राखली, तिच्यापुढे मी काय बोलणार?

तेव्हापासून मला या प्रकरणाच्या मुळाशी जाण्याची ओढ लागली. आणि मुळाशी, जसं बहुधा असतं, किडेच निघाले.

सुरुवात जपानची. १९७८ साली टायटो कंपनीतल्या तोमोहिरो निशिकादो नावाच्या अभियंत्याने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ तयार केला. नुसता प्रोग्रॅमच नव्हे, तो ज्यावर चालायचा ते यंत्रही त्याने स्वतःच जुळवलं. त्याला मारायला शत्रू हवा होता. माणसं मारणं काही बरं दिसेना. वरिष्ठांनाही ते पसंत नव्हतं. तेव्हा त्याने परग्रहावरचे प्राणी आणले आणि त्यांना रूपं दिली ती माकूल, खेकडा आणि अष्टपाद यांची. अकरा-अकराच्या पाच रांगा, म्हणजे एकूण पंचावन्न जीव, डावीकडून उजवीकडे सरकत, एकेक पायरी खाली उतरत येतात. त्यातली गंमत अशी, की जसजसे ते मरतात तसतसे उरलेले अधिक वेगाने धावतात. हे निशिकादोने योजलेलं नव्हतं. बिचाऱ्या प्रोसेसरला पंचावन्न चित्रं काढताना धाप लागायची. चित्रं कमी झाली की त्याचा हात मोकळा व्हायचा आणि खेळ भरधाव सुटायचा. निशिकादोने ते पाहिलं आणि शहाणपणाने तसंच ठेवलं. जपानात या खेळापायी शंभर येनच्या नाण्यांचा तुटवडा पडला, अशी एक कथा सांगतात. ती पुढे अभ्यासकांनी खोडून काढली, पण खेळाची कीर्ती कसल्या थराला गेली होती ते कथेवरून कळतं.

आता अमेरिका. कॅलिफोर्नियातल्या अटारी कंपनीत १९८० आणि १९८१ या लागोपाठच्या वर्षांत दोन खेळ झाले, आणि माझ्या मते या बखरीचा सगळा जीव त्या दोन खेळांत आहे.

पहिला ‘मिसाइल कमांड’. डेव्ह थ्युरर नावाच्या माणसाने केलेला. खाली सहा शहरं, आकाशातून त्यांच्यावर क्षेपणास्त्रं पडताहेत, आणि तीन तळांवरून आपण ती हवेतल्या हवेत फोडायची. शीतयुद्धाचा काळ, अणुबाँबची भीती वर्तमानपत्रातून थेट चहाच्या कपात उतरत असे. या खेळात जिंकणं नाहीच. आज ना उद्या सहाही शहरं जातात, आणि मग पडद्यावर नेहमीचं ‘खेळ संपला’ येत नाही. नुसतं ‘अंत’ अशा अर्थाचं अक्षर फुगत येतं. हा खेळ करता करता थ्युररला स्वप्नं पडू लागली. तो जिथे राहत होता त्याच भागावर बाँब पडताहेत, अशी. खेळ पुरा झाला तरी स्वप्नं काही लगेच गेली नाहीत.

दुसरा खेळ ‘सेंटीपीड’, म्हणजे शुद्ध मराठीत गोम. तो केला डोना बेली आणि एड लॉग या दोघांनी. लॉग हा अटारीतला मुरलेला गडी. ‘ॲस्टेरॉइड्स’ त्याच्या नावावर जमा होता. बेली मात्र नवखी. त्याआधी ती जनरल मोटर्समध्ये मोटारींच्या प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम लिहीत असे. ‘स्पेस इन्व्हेडर्स’ने तिला वेड लावलं, आणि ती १९८० साली नोकरी सोडून अटारीत आली. नाण्यांवर चालणाऱ्या खेळांच्या विभागात प्रोग्रॅम लिहिणारी तेव्हा ती एकटीच बाई. विभागात नव्या खेळांच्या कल्पनांची एक वही होती. वहीत काय असणार? हे उडवा, ते जाळा, तिकडे किरण सोडा. तिला त्यातलं काही रुचेना. एक ओळ मात्र बरी वाटली: पडद्यावर अनेक तुकड्यांचा एक किडा येतो आणि खेळणारा त्याला गोळ्या घालतो. तिने ती उचलली. किड्याला गोळी घालणं तिला फारसं वाईट वाटलं नाही, असं तिने नंतर सांगितलं आहे.

या एका वाक्यावर मी पुष्कळ वेळ थांबलो. त्याच इमारतीत एक माणूस शहरं वाचवता वाचवता रात्री दचकून उठतो आहे, आणि एक बाई शांतपणे म्हणते आहे, आपण गोम घेऊ. थ्युररच्या खेळाने खेळणाऱ्याची झोप भीतीने उडायची. बेलीच्या खेळाने ती मजेने उडाली. सकाळी डोळे लालच असणार, पण मनावर ओझं नाही. चप्पल उगारताना आपल्या घरात कोणाचा हात कधी थरथरला आहे?

आणि ती गोम काय बहारीची होती! पडद्यावर अळंबी पसरलेली, ज्यांना आम्ही लहानपणी कुत्र्याच्या छत्र्या म्हणायचो. गोम वरून वळवळत येते, अळंबीला अडखळली की वळते आणि एक पायरी खाली उतरते. मधल्या तुकड्यावर गोळी मारली की गोमेच्या दोन गोमा होतात, आणि मेलेल्या तुकड्याच्या जागी एक नवी छत्री उगवते. म्हणजे बघा, आपणच मारतो आणि मारून मारून आपणच शत्रूची वाट वाकडी करतो. खालचं रान मोकळं झालं की वरून पिसू टपकते आणि उतरता उतरता छत्र्या पेरत जाते. विंचू आडवा निघतो आणि वाटेतल्या छत्र्या विषारी करतो. त्या विषारी छत्रीला गोम लागली की वळवळ सोडून सरळ खाली, आपल्या अंगावर. आणि कोळी. कोळ्याला लांबून मारला तर तीनशे गुण, जवळून मारला तर सहाशे आणि अगदी नाकाशी आल्यावर मारला तर नऊशे. या तीन आकड्यांत माणसाच्या लोभाचा जेवढा अभ्यास दिसतो, तेवढा मला पुष्कळशा जाड पुस्तकांत दिसलेला नाही. तीनशेवर समाधान मानणारा मनुष्य मी तरी अजून पाहिलेला नाही. सगळे नऊशेच्या नादात कोळ्याच्या तोंडी जातात.

यंत्राला दांडी नव्हती, एक गोळा होता. टेबलात अर्धा बुडालेला, तळहाताने फिरवायचा. बेसनाचे लाडू वळून ज्यांचे तळवे तयार झाले आहेत त्यांना हे तत्क्षणी जमेल, असं हिचं मत. रंगही भडक नव्हते, मऊ होते, आणि ते तसे असावेत हा बेलीचाच आग्रह. व्हिडिओ गेमच्या अड्ड्यांवर तोवर पुरुषांचीच वर्दळ असे. ‘सेंटीपीड’ हा बायकांनाही मोठ्या संख्येने आवडलेल्या अगदी सुरुवातीच्या खेळांपैकी एक गणला जातो. मला यात नवल वाटत नाही. हा मुळात लढाईचा खेळच नव्हे. साफसफाईचा आहे. आवरून पाठ फिरवावी तो पुन्हा पसारा.

मधली वर्षं मी भराभर उरकतो. १९९० साली अटारी गेम्सने ‘रॅम्पार्ट’ काढला. त्यात गोळीबार झाला की ठरावीक सेकंदांत पडलेल्या तटाची डागडुजी करायची. २००२ साली ‘वॉरक्राफ्ट ३’ आला. त्याच्यासोबत रणांगणं घडवायचं साधन दिलं होतं, आणि रिकामटेकड्या पोरांनी त्यातून बुरूजबाजीचे नकाशे पोत्यांनी तयार केले. त्या नकाशांवर वाढलेला एक इंग्रज प्रोग्रॅमर, पॉल प्रीस. त्याने २००७ साली ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’ केला, आणि इथे मात्र थांबायलाच पाहिजे.

या खेळाचं रणांगण म्हणजे ऑफिसातलं एक टेबल. त्यावरून शत्रूची पिलावळ एका कडेने येते आणि समोरच्या कडेने निसटायला बघते. तिला आखून दिलेली वाट नाही. जवळचा रस्ता ती स्वतः शोधते. तेव्हा आपण बुरूज असे मांडायचे, की बुरुजांच्याच भिंती व्हाव्यात आणि त्या भिंतींचा चक्रव्यूह. नियम एकच. वाट पूर्ण बंद करता येत नाही. तसा बुरूज तुम्ही ठेवू गेलात तर खेळ ठेवूच देत नाही. शत्रूला आशा राहिली पाहिजे. रायगडाचा महादरवाजा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व नवं नाही. दरवाजा समोरून दिसतच नाही. वाट दोन बुरुजांच्या कुशीत वळते, आणि वळणाऱ्याच्या डोक्यावर दोन्हीकडून मारा. याला गोमुखी बांधणी म्हणतात. हिरोजी इंदुलकरांना कॉम्प्युटर दिला असता तर प्रीसची धडगत नव्हती.

खेळणारे लवकरच या नियमाच्याही पुढे गेले. शत्रू चक्रव्यूह पार करून बाहेर पडणार, एवढ्यात तिथला रस्ता बुरूज ठेवून बंद करायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या टोकाचा बुरूज विकून तिकडचा उघडायचा. पिलावळ मुकाट्याने उलटी फिरते आणि सगळा चक्रव्यूह पुन्हा चालू लागते. ती तिकडे पोचली की पुन्हा इकडचं दार उघडायचं. परदेशी खेळाडूंना ही युक्ती मोठी अपूर्व वाटली. मला नाही वाटली. मी एका सरकारी कचेरीत घराच्या उताऱ्यासाठी चार नंबरच्या खिडकीवरून नऊवर आणि नऊवरून चारवर असा एक पूर्ण आठवडा चाललेलो आहे, आणि दोन्ही खिडक्यांतले बुरूज अचूक नेमबाज होते.

प्रीस आणि त्याचा मित्र डेव्हिड स्कॉट (त्यानेही त्याच वर्षी असाच एक खेळ केला होता) या दोघांनी पुढे मिळून कंपनी काढली. जगभरच्या ऑफिसांतल्या टेबलांवर टेबलाचंच चित्र असलेला खेळ चालू झाला. साहेब आला तर? टेबलावर टेबल, संशय कसला घेणार!

पण चटक का लागते? माणसाला मारण्याची हौस असते म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. हिने आयुष्यात माशी मारली तरी ‘गेली बिचारी’ म्हणते. १९२७ साली बर्लिनमध्ये ब्लूमा झायगार्निक या बाईंनी एक संशोधन प्रसिद्ध केलं. हॉटेलातल्या वेटरला ज्यांचं बिल चुकतं व्हायचं आहे त्यांच्या ऑर्डरी तोंडपाठ असतात, पैसे मिळाले की तो त्या साफ विसरतो, अशा निरीक्षणातून ते निघालं. पुरं झालेलं काम मन टाकून देतं. अर्धवट राहिलेलं धरून ठेवतं. आता बुरूजबाजीची चलाखी पाहा. एक लाट संपते त्या क्षणी हातात पैसे येतात, आणि पैसे आले की डाव्या अंगाला एक तोफ कमी आहे हे दिसतं. ती लावली तर ती चालते की नाही हे पाहायला पुढची लाट यायला हवी. ती संपली की पुन्हा पैसे. म्हणजे उठण्याजोगी जागा खेळात कुठेच ठेवलेली नाही. जिना आहे, पण मधले सज्जे काढून टाकलेले. शिवाय हरलो तर दोष नशिबाचा नसतो. बुरूज कुठे चुकला ते डोळ्यांसमोर लख्ख दिसत असतं. जुगारी म्हणतो, पुढचा डाव माझा. बुरूजबाज म्हणतो, पुढच्या वेळी कोपऱ्यात मांडीन. दुसरा जास्त धोक्याचा, कारण त्याचं म्हणणं खरं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली खेळाच्या व्यसनाला आजारांच्या यादीत जागा दिली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली, असं मी हिला वाचून दाखवलं. “मधुमेह आहे का त्यात?” तिने विचारलं. आहे म्हटल्यावर माझ्या हातातल्या तिसऱ्या बर्फीकडे नुसतं बघितलं.

पण बेलीबाईंचं ते किड्याबद्दलचं म्हणणं माझ्या मनातून जात नाही. किड्याला मारताना वाईट वाटत नाही, हे त्या साध्या मनाने बोलल्या, आणि म्हणून माणसाच्या जागी किडा घेतला. जगात हाच हिशेब उलट्या बाजूनेही मांडला गेला आहे. हिटलरच्या लोकांनी ज्यूंना उवा म्हणून घेतलं, आणि छावण्यांत त्यांच्यावर जो वायू सोडला तो मुळात खरोखरच उवा-ढेकूण मारायला बनवलेला होता. १९९४ साली रवांडात रेडिओवरून तुत्सी लोकांना रोज झुरळं म्हटलं जात होतं. शंभर दिवसांत लाखो माणसं मेली. मारणारे पुष्कळसे शेजारी होते. चप्पल उगारताना हात थरथरत नाही, हे ज्याला पक्कं ठाऊक होतं, त्याने आधी फक्त शब्द बदलून घेतला होता. अटारीतल्या त्या वहीतून माणूस बाजूला सारून गोम निवडणारी बाई मला म्हणूनच मोठी वाटते. तिने १९८२ साली अटारी सोडली. पुढे ती अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या विद्यापीठात शिकवत असे. विषय कॉम्प्युटर नव्हे, लेखन.

बखरीचा शेवट असा, की ‘डेस्कटॉप टॉवर डिफेन्स’ आणि मुंग्यांच्या केकसारखे हजारो खेळ अडोबी कंपनीच्या ‘फ्लॅश’ या यंत्रणेवर चालत. कंपनीने ३१ डिसेंबर २०२० रोजी तिचा कारभार बंद केला आणि हे खेळ एका फटक्यात जागच्या जागी गोठले. गोमेला जे जमलं नाही, ते एका परिपत्रकाने केलं. पण काही हौशी लोकांनी हे होणार म्हणून २०१८ पासूनच ‘फ्लॅशपॉइंट’ नावाने खेळ गोळा करून ठेवायला सुरुवात केली होती. लाखाहून जास्त खेळ त्यांनी असे सांभाळले आहेत, तेही फुकट. वस्तुसंग्रहालयात तलवारीला हात लावू नये अशी पाटी असते. इथे तलवार चालवून बघण्याचीच सोय.

पुतण्याने परवा ते सगळं खटपट करून लावून दिलं. वारूळ जागेवर होतं. केक अखंड होता. पहिल्या मुंग्या पूर्वीइतक्याच मरतुकड्या. मी पहिली तोफ केकशेजारी ठेवली.

“तिथे नाही हो,” ही मागून म्हणाली. “वारुळाच्या तोंडाशी. आणि गॅस तेवढा बंद करून या.”